दिवसभर लॅपटॉपवर बसून उठलं की लांबचं धूसर दिसतं, गरगरतं. डोळे बिघडले का?
बहुतेक वेळा नाही. जवळचं बघताना डोळ्यातला सिलिअरी स्नायू आकसलेला असतो. तासन्‌तास तसाच राहिला की सैल पडायला वेळ घेतो, मग ऑफिसबाहेर पडल्यावर बसची पाटीही नीट वाचता येत नाही. शिवाय पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात.

गरगरण्याचं कारण वेगळं. भराभर स्क्रोल करताना डोळे म्हणतात 'हलतोय', आतला कान म्हणतो 'जागेवरच आहेस'. घाटात एसटीत मोबाइल बघून मळमळतं ना, तोच प्रकार, फक्त उलटा. आखडलेली मान त्यात भर घालते.

दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघा. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यावर पैसे घालवू नका. त्याने ताण कमी होतो याला ठोस पुरावा नाही. मात्र खोली फिरतेय असं वाटलं किंवा एकाचे दोन दिसले, तर थेट डॉक्टर गाठा.