कॅप बसवल्यावर चावताना दुखत असेल तर ‘सवय होईल’ ऐकून गप्प बसू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि माझं २०२१ साल डोळ्यांपुढे उभं राहिलं. तुमच्या खालच्या दाढेला झिरकोनियाची (दातासारख्या पांढऱ्या, कडक सिरॅमिकची) कॅप, दोन महिने झाले तरी चावताना कळ, आणि आता दवाखाना म्हणतोय रूट कॅनाल करा (म्हणजे दाताच्या आतली नस काढून ती पोकळी भरा), कॅपही नवी घ्या, वेगळे १८,००० भरा. माझीही खालचीच दाढ होती. तुम्ही कोपरखैरण्याच्या, मी ठाण्याची, एवढाच फरक. मी डॉक्टर नाही, भोगलंय तेवढंच सांगते.

कॅप पक्क्या सिमेंटने बसवली तेव्हा माझा अर्धा जबडा बधिर होता. ‘चावून बघा’ म्हणाले, मी चावलं, ‘ठीक वाटतंय’ म्हटलं. बधिर तोंडाला काय कळणार! रात्री जेवायला बसले तर बाकीचे दात टेकायच्या आधी तीच दाढ टेकत होती. दुसऱ्या दिवशी फोन केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘नवीन आहे ना मॅडम, सवय होईल.’ पंधरा दिवसांनी परत तेच उत्तर. डॉक्टर फक्त शनिवारी, आणि शनिवारी गेले तर नंबर संपलेले. मी चार महिने डाव्या बाजूने जेवत राहिले. माझी सगळ्यात महाग पडलेली चूक हीच. उंच राहिलेली कॅप म्हणजे दर घासाला दाढेवर मार. निळा कार्बन कागद चावायला देऊन जास्त टेकणारी जागा घासायची, दहा मिनिटांचं काम. ते वेळेत झालं असतं तर कदाचित पुढचं टळलं असतं. माझी दाढ जिवंत होती, म्हणजे आतली नस शाबूत, फक्त जुनं मोठं फिलिंग होतं म्हणून कॅप घातली होती. चौथ्या महिन्यात गरम चहाने सणक यायला लागली आणि ती मिनिटभर जाईचना, मग रात्रीचा ठणका. नस गेली होती.

त्या दवाखान्याने मलाही रूट कॅनाल आणि नवी कॅप सांगितली आणि लगेच कॅपचे ७,००० ॲडव्हान्स घेतले. दोन दिवसांनी मी दुसरं मत घ्यायचं ठरवून पैसे परत मागितले, तर म्हणे लॅबला ऑर्डर गेली. अहो, माझं माप घेतलंच नव्हतं, मग लॅबला गेलं काय? आजही आठवलं की संताप येतो. पावतीवर नुसतं ‘डेंटल ट्रीटमेंट’ लिहिलेलं, त्यामुळे भांडायलाही हातात काही नव्हतं. तुम्ही कामागणिक रक्कम लिहिलेली पावती आणि एक्स-रेची प्रत आजच मागा. पैसे अडले तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी नाही. मुदत २ वर्षं. मी ती घालवली.

मग ठाणे–नेरूळ लोकल पकडून नेरूळच्या एका डेंटल कॉलेजात गेले. वेळ खूप जातो, शिकणारी मुलं काम करतात, पण वर सर बघतात. त्यांनी कॅप न काढता तिच्यातूनच भोक पाडून रूट कॅनाल केलं आणि भोक भरून दिलं. तीच कॅप आजही आहे. प्रत्येकाचं असं होईलच असं नाही. कॅपच्या कडेला कीड असेल तर ती काढावीच लागते, आणि कॅपखालचं एक्स-रेत नीट दिसत नाही. पण ‘नवी कॅप का?’ हा प्रश्न रूट कॅनालवाल्या स्पेशालिस्टला विचारल्याशिवाय १८,००० देऊ नका. तुमच्या दाढेचं आधी रूट कॅनाल झालं होतं का, ते पोस्टमध्ये नाही. झालं असेल तर गोष्ट वेगळी, ते दुसऱ्यांदा करणं जास्त किचकट असतं.

वॉरंटी कार्डावर फार विसंबू नका. माझ्या कार्डात लॅब फक्त कॅप बदलून देणार होती, डॉक्टरांची फी आणि खालची दाढ आपली. मेडिक्लेममध्येही दातांचं ओपीडी काम बहुधा धरत नाहीत, अपघात सोडून. तरी पॉलिसी वाचा.

तोवर त्या बाजूने चणे, चिक्की नको. लवंगाचं तेल हिरडीला थेट लावू नका, माझी भाजली होती. गालावर सूज, ताप किंवा तोंड उघडायला त्रास झाला तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी जा. आणि दवाखान्यात जाल तेव्हा आधी कार्बन कागदाने चावा तपासायला लावा, तोंड बधिर नसताना. काय निघालं ते कळवा.