पुण्यात एकच फ्लॅट चार एजंट चार वेगवेगळ्या किमतींना का दाखवतात? खरी किंमत कशी कळणार?

कारण आपल्याकडे मालक सहसा एकाच एजंटला बांधलेला नसतो. घर विकायचं म्हटलं की तो भेटेल त्याला सांगतो. मग ज्याचं गिऱ्हाईक आधी टोकन देईल त्याचीच दलाली पक्की, त्यामुळे प्रत्येकाला घाई. कुणी फोन यावा म्हणून आकडा कमी लावतो, कुणी घासाघीस होणार हे धरून वाढवून सांगतो.

म्हणून जाहिरातीतला आकडा ही फक्त मागणी समजा. खरा भाव इंडेक्स टूमध्ये, म्हणजे नोंदणी झालेल्या खरेदीखताच्या सरकारी गोषवाऱ्यात सापडतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चवर त्याच सोसायटीतले गेल्या वर्षभरातले व्यवहार बघा, मोबदल्याची रक्कम, म्हणजे घर कितीला विकलं तो आकडा, तिथे लिहिलेला असतो. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण लोक नेमकं तेच टाळतात आणि मग लाखांत फसतात, याचं मला फार वाईट वाटतं.

नव्या प्रकल्पात एजंटकडे महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक मागाच, 2017 पासून तो बंधनकारक आहे. जुन्या सोसायटीतल्या रीसेलला मात्र हे कवच नाही. तिथे दलाली किती टक्के आणि कधी द्यायची, हे घर बघायच्या आधीच लेखी घ्या.