लेक दिवसभर गाणी ऐकते आणि म्हणते अभ्यास चालू आहे

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचताना दोनदा हसू आलं, राग मानू नका. मुलगी बीए मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे, या सेमला तिला रेडिओ आणि म्युझिक व्हिडिओ असे दोन विषय आलेत, सकाळपासून कानात इअरफोन असतात आणि हाक मारली की "आई, अभ्यास करतेय" म्हणते. तिचे बाबा म्हणतात रेडिओ आता रिक्षावाले सोडून ऐकतं कोण. आणि खरा प्रश्न तुम्ही अगदी शेवटच्या ओळीत टाकलाय, की एका क्लासने साठ हजारात तीन महिन्यांचा आरजे, म्हणजे रेडिओ जॉकीचा, कोर्स सांगितलाय तो करू द्यावा, का सरळ एमबीएच्या तयारीला लावावं.

क्लासचं नंतर बोलू. आधी हा अभ्यास आहे का टाइमपास ते बघू, ते तुम्हाला घरबसल्या तपासता येईल. तिच्याजवळ वही आणि घड्याळ आहे का बघा. नसेल तर टाइमपास, असेल तर अभ्यास, इतकं सोपं आहे. म्हणजे कसं, सकाळचा कुठलाही एफएमचा एक तास घ्यायचा आणि सेकंदासकट उतरवायचा, आरजे कितव्या मिनिटाला बोलली, किती सेकंद बोलली, मग गाणं, मग स्टेशनचं नाव घेणारा छोटा तुकडा, मग जाहिराती, किती वेळा टाइम सांगितला, ट्रॅफिक कधी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तोच तास परत उतरवायचा. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की दिसतं, जे मोकळ्या चाललेल्या गप्पांसारखं वाटत होतं ते सगळं आखलेलं आहे. रेडिओवाले चक्क घड्याळाची तबकडी काढून त्यात कुठे काय वाजणार ते भरतात, त्यांच्यात त्याला क्लॉकच म्हणतात. आणि तासाभरात आरजे प्रत्यक्ष किती मिनिटं बोलते ते मोजलं ना, की निम्म्या मुलींची आरजे व्हायची हौस तिथंच फिटते. उरलेला तास कोणीतरी दुसरं चालवत असतं, प्रोड्युसर, जाहिरातींचं स्क्रिप्ट लिहिणारे, प्रोमो कापणारे. नोकऱ्या तिकडे आहेत.

बाबांना मात्र एक गोष्ट सांगा, पुणेकराने रेडिओला नावं ठेवायची नसतात. १ एप्रिल १९५५ ला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं, दर आठवड्याला एक नवं गाणं. ठरली होती ५२ गाणी, पण त्या वर्षी अधिक महिना आला म्हणून ती ५६ झाली. गदिमा आणि बाबूजी सगळ्यांना माहीत असतात, ही योजना पुणे केंद्रावरच्या सीताकांत लाड यांची होती हे फार जणांना माहीत नसतं. आता मीडियाच्या विद्यार्थिनीने यात काय बघायचं, तर भक्ती बाजूला ठेवून (म्हणजे सोडून नाही, बाजूला) बघायचं की चित्र अजिबात नसताना कोण बोलतंय हे ऐकणाऱ्याला कळतं कसं. रेडिओवर वेगवेगळ्या पात्रांना वेगवेगळे गायक होते, नंतर स्टेजवर बाबूजी एकटेच सगळं गायचे आणि तेही चाललं, कारण तिथे माणूस समोर दिसत होता. एवढ्या एका फरकावर तिचा अर्धा प्रोजेक्ट उभा राहतो, आणि तो बाहेरच्या कुठल्या पुस्तकातून उतरवलेला नसेल, आपल्याच गावातला असेल. आजी असतील तर त्यांना बसवून आठवणी रेकॉर्ड करायला सांगा, फॅन बंद करून.

आता म्युझिक व्हिडिओ. नोट्समध्ये तिला एमटीव्ही हे अमेरिकेतलं म्युझिक व्हिडिओचं चॅनल १ ऑगस्ट १९८१ ला सुरू झालं हे मिळालं असेलच, आणि अँड्र्यू गुडविन नावाच्या अभ्यासकाचं म्हणणंही, की चित्र एकतर शब्द जसेच्या तसे दाखवतं, नाहीतर त्यात भर घालतं, नाहीतर त्यांच्याशी फटकून वागतं. परीक्षेत हे लिहावं लागतं, लिहू दे. पण पाठ करून काही होत नाही. एकच गाणं तीनदा घ्यायचं, आधी डोळे मिटून, मग आवाज बंद करून, मग दोन्ही चालू ठेवून, आणि प्रत्येक वेळी शॉट कुठे बदलतो ते लिहायचं. ठेक्यावर बदलतो का त्याच्या किंचित आधी, गायकाचा चेहरा जवळून किती वेळा येतो, कुठल्या ओळीला येतो. म्युझिक कंपनीला चेहरा विकायचा असतो म्हणून तो पहिल्या अर्ध्या मिनिटात बहुतेक येऊन गेलेला असतो, हे मोजल्यावर तिचं तिलाच कळेल.

एक गंमत सांगते, मला स्वतःला ती फार आवडते. व्हिडिओत गायिकेचे केस, पदर, पावसाचे थेंब सगळं संथ हलतं पण ओठ मात्र गाण्यावर बरोब्बर बसतात, ते कसं? शूटच्या वेळी कॅमेरा सेकंदाला २५ ऐवजी ५० फ्रेम्सवर ठेवतात आणि गाणं दुप्पट वेगाने वाजवतात, ती बिचारी त्या चिरक्या आवाजावर भराभर ओठ हलवते, चार मिनिटांचं गाणं दोन मिनिटांत संपतं, मग ते २५ च्या वेगाने चालवलं की ओठ जागेवर येतात आणि बाकी जग संथ. हे तिने मोबाईलवर मैत्रिणीला घेऊन गच्चीत करून बघावं. एका संध्याकाळी जे कळेल ते लेक्चरमध्ये नाही कळत.

नोकरीचं स्पष्ट बोलते. खाजगी एफएमवर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे रेडिओ पत्रकारिता करायची असेल तर आकाशवाणीच, आणि तिथे आता आवाजाची ऑडिशन पास होऊन कॅज्युअल म्हणून ड्युट्या मिळतात, ती कायमची नोकरी नव्हे, बाबांच्या डोक्यातलं पेन्शन विसरा. पण ऑडिओ म्हणजे फक्त एफएम राहिलेलं नाहीये. ऑडिओबुक, पॉडकास्ट, डबिंग, जाहिरातींचे आवाज, यात मराठी नीट लिहिणारी आणि आवाज नीट कापणारी माणसं लागतात, आणि 'श' 'ष' चा फरक बोलून दाखवणारी तर हल्ली शोधावी लागतात. व्हिडिओकडे एडिटिंग, असिस्टंट डिरेक्शन, प्रॉडक्शन, आणि एक कोपरा जिकडे मुलं बघतच नाहीत तो हक्कांचा. एका गाण्यात शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, रेकॉर्डिंगचा वेगळा, २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटाही पक्का झाला, तो हिशोब ठेवणारी माणसं म्युझिक कंपन्यांना लागतात. एमबीए करायचंच असेल तर डिग्रीनंतर या बाजूला येऊ शकते, म्हणजे तुमचंही राहील. पुढे एफटीआयआयचा, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा, विचार असेल तर एवढंच तपासा, साउंडच्या कोर्सला बारावीला फिजिक्स मागतात का, मागत असतील आणि ती आर्ट्सची असेल तर ते दार बंद, एडिटिंगचं उघडं आहे.

आता ते साठ हजार. माझं मत, नको. या शहरात शिकायला जागा आहेत, विद्यापीठाचं विद्यावाणी हे रेडिओ केंद्र १०७.४ वर आहे, एफटीआयआयचाही कम्युनिटी रेडिओ आहे, तिने जाऊन विचारावं, विनामोबदला काम मागावं, स्क्रिप्ट लिहून न्यावं. मी कॉलेजात असताना अशाच एका छोट्या स्टुडिओत पहिल्यांदा बसले तेव्हा स्टेपल केलेले कागद घेऊन गेले होते, प्रत्येक पान उलटताना खरखर, पंधरा मिनिटांचं सगळं रेकॉर्डिंग वाया गेलं, माझ्याच चुकीने. तेव्हापासून स्क्रिप्ट सुटी पानं. ही अक्कल फुकट मिळाली. आणि घरी आवाज कापायला ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर फुकट आहे, व्हिडिओला डाविंची रिझॉल्व्हचं फुकटवालं व्हर्जन पुरतं, कपड्यांच्या कपाटात तोंड घालून किंवा डोक्यावर गोधडी घेऊन रेकॉर्ड केलं की आवाज घुमत नाही. त्या साठातले थोडे घालून एक बरा माइक घ्या, बाकीचे ठेवा.

मग तिला पहाटे मंडईत पाठवा. भाजीची पोती उतरवताना, भाव करताना, चहावाला ओरडताना, सगळं रेकॉर्ड करून त्याचा तीन मिनिटांचा तुकडा करायचा, मागे गाणं लावायचं नाही, निवेदन कमीत कमी. तो तुकडा ऐकून ऐकणाऱ्याला मंडई दिसली तर नोकरी मागताना तेच दाखवायचं, सर्टिफिकेट नाही.

क्लासवाल्यांचा परत फोन येईलच. त्यांना एकच विचारा, मागच्या बॅचमधली कोण आज कुठल्या स्टेशनवर कितीच्या शोला असते, आम्ही रेडिओ लावून ऐकतो.