प्राजक्ताला पाने भरपूर येतात, पण फुले मोजकीच. काय चुकत असावे?

आपण लिहिले आहे की अंगणात तीन वर्षांपूर्वी लावलेला प्राजक्त रोज बादलीभर पाणी घालूनही मार्चपासून पाने टाकू लागतो आणि एप्रिलअखेर नुसत्या काटक्या उरतात. पावसाळ्यात तो पुन्हा हिरवागार होतो, ऑगस्टमध्ये आपण त्याची वाढ आवरण्यासाठी छाटणी करता, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मात्र फुले ओंजळभरही मिळत नाहीत. या वर्णनातच बहुतेक उत्तर आले आहे. उन्हाळ्यात रोज घातलेले पाणी आणि ऑगस्टमध्ये चाललेली कात्री, या दोन गोष्टी आपण थांबवाव्यात असे मी सुचवीन.

प्राजक्त हे मुळातच पानगळीचे झुडूप आहे. मध्य भारतातल्या कोरड्या, खडकाळ टेकड्यांवर ते आपोआप वाढते आणि कडक उन्हाळा पाने टाकून काढते. त्यामुळे एप्रिलमधल्या काटक्या हे आजाराचे लक्षण मानू नये. शंका वाटल्यास बारीक फांदीची साल अंगठ्याच्या नखाने किंचित खरवडून पाहावी. आत ओलसर हिरवा पापुद्रा दिसला तर झाड जिवंत आहे, आणि तपकिरी, कोरडे लाकूड दिसले तर तेवढी फांदी गेली असे समजून खालच्या भागावर पुन्हा खरवडावे. माझा पहिला प्राजक्त मी याच गैरसमजापायी घालवला. पुण्यातली काळी चिकण माती, त्यात पाने नसलेल्या झाडाला सकाळ-संध्याकाळ पाणी; पाने नसताना झाड पाणी ओढून घेत नाही, माती निथरत नाही आणि मुळे कुजतात. मे महिन्यात झाड उपटले तेव्हा मुळांची साल हातात मोज्यासारखी निघून आली आणि तिला आंबूस वास येत होता.

डाळिंबाचे किंवा संत्र्याचे बागायतदार मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीचा बहर, धरताना उन्हाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात, हे आपण ऐकले असेल. प्राजक्ताच्या बाबतीत हे काम निसर्गच करतो, आपण फक्त मध्ये पडायचे नाही. जमिनीतल्या तीन वर्षांच्या झाडाला पाने गळू लागली की पाणी कमी करत न्यावे आणि भर उन्हाळ्यात दहा-बारा दिवसांतून एकदा, तेही माती दोन इंच खोल कोरडी झाल्यावर द्यावे. कुंडीतले झाड इतका ताण सोसत नाही. माझ्या गच्चीवरच्या अठरा इंची कुंडीला मी मे महिन्यातही तीन-चार दिवसांआड तांब्याभर पाणी देतो.

आता छाटणी. प्राजक्ताचे कळ्यांचे गुच्छ त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यांच्या शेंड्यांवर आणि वरच्या पानांच्या बेचक्यांत येतात. जूनच्या पावसाने फुटलेली फांदी ऑगस्टपर्यंत कळीला येण्याच्या बेतात असते आणि नेमकी तीच आपण कापता, म्हणजे वर्षाचा सगळा बहर कचऱ्याच्या टोपलीत जातो. छाटणी बहर संपल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास करावी. लांबलेल्या फांद्या एक तृतीयांशाने कमी कराव्यात, आतल्या बाजूला वळलेल्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या बुडातून काढाव्यात. कोवळ्या फांद्या चौकोनी असतात, बोटांत फिरवून पाहिल्या तर कडा लागतात. त्या कडा जिथे बुजून फांदी गोल होते, तिथवर कापायला हरकत नाही. झाड हाताच्या उंचीत राहिले तर फुलेही दाट येतात, असा माझा अनुभव आहे. छाटणी न केलेला प्राजक्त दहा-बारा फूट सहज जातो आणि बुडाशी उघडा पडतो.

उन्हाचाही विचार करावा. निदान पाच तास ऊन मिळत नसेल तर बाकी सगळे नीट करूनही पानेच येत राहतील. खताच्या बाबतीत हात आखडता ठेवावा. जूनच्या सुरुवातीला दोन घमेली कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड आळ्यात मिसळावी, एवढे पुरते. युरिया घातला तर खरखरीत, पंजाएवढी पाने येतात आणि कळी मागे पडते.

पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे दिसतील. त्यांना हात लावू नये, भयंकर खाज सुटते. लांब काठीने ते साबणाच्या पाण्यात पाडावेत. सकाळी ते खोडावर एकत्र बसलेले असताना हे काम लवकर उरकते. पाने खाल्ली जात असतील तर लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण घालून संध्याकाळी फवारावे.

फुले संध्याकाळी उमलतात आणि पहाटे गळतात, त्यामुळे खाली चिखल असेल तर ती तशीही वाया जातात. पूजेला गळलेली फुले चालतात ती प्राजक्ताचीच. चातुर्मासात त्यांची लाखोली वाहायची पद्धत आमच्या घरी होती आणि आजी रात्री झाडाखाली जुने धोतर अंथरून ठेवत असे. आळ्याभोवती स्वच्छ जागा राखून आपणही तसे करू शकाल. नऊ-दहापर्यंत पाकळ्या मलूल होतात, केशरी देठ तेवढा रंग धरून राहतो.

बहरानंतर चपटी, नाण्यासारखी फळे धरतील. ती तपकिरी झाली की दोन भागांत उकलतात आणि प्रत्येक भागात एकच बी असते. नवे रोप हवे असल्यास ताजे बी पेरावे, किंवा जूनमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची फांदी वाळूमिश्रित मातीत खोचावी. यंदाची छाटणीची वेळ मात्र टळून गेली आहे, तेव्हा आता वाळलेल्या काटक्या तेवढ्या काढाव्यात, आणि जूनमध्ये फुटवा आल्यानंतर थेट पुढच्या फेब्रुवारीपर्यंत कात्री लावू नये.