डोळे चांगले, तरी दिसणं वेगळं

प्रश्न : धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया (भास होणं, खोटा संशय येणं असा मानसिक आजार) आहे, गोळ्या चालू आहेत. गौरीचा मुखवटा मागच्या पोकळ बाजूनं पाहिला तर इतरांना तो पुढं आलेला चेहरा दिसतो, या आजारात मात्र पोकळच दिसतो, असं वाचलं. खरं आहे का? घरी असं करून आजार ओळखता येईल का?
— एक वाचक, विटा

उत्तर : पहिलं बहुतांशी खरं, दुसरं नाही. मुखवट्याची आतली बाजू आपल्याकडं करून तो भिंतीला टेकवा, उजेड सगळीकडून सारखा ठेवा, सात-आठ फूट मागं जा आणि एक डोळा झाका. नाक-डोळे आतूनही उमटलेले असतील, तर चेहरा उठून आलेला दिसतो. तुम्ही बाजूला सरकलात की तोही मान वळवतोय असं वाटतं. जवळ जाऊन दोन्ही डोळ्यांनी पाहिलं की भास मोडतो. मागून भरीव मुखवट्यावर हे होणार नाही.

आत खचलेला चेहरा आपण जन्मात पाहिलेला नसतो. त्यामुळं डोळ्यांकडून ‘खोलगट’ असा निरोप आला तरी मेंदू अनुभवाच्या जोरावर तो उलटवतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 13 रुग्ण आणि 16 निरोगी माणसांना पोकळ चेहरे दाखवून एमआरआय यंत्रात त्यांच्या मेंदूचं काम पाहिलं गेलं. निरोगी माणसांत, मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाकडून आकार ओळखणाऱ्या भागाकडं उलट्या दिशेनं येणारा प्रभाव त्या वेळी वाढला. रुग्णांत तो तसा वाढला नाही. म्हणजे डोळे शाबूत, पण ‘आधी माहीत असलेलं’ ‘आत्ता दिसणाऱ्या’पर्यंत पुरेशा जोरानं पोचत नाही.

तरी भावाची अशी परीक्षा घेऊ नका. जागरणानं, गांजानं, दारू सोडतानाच्या दिवसांतही हा भास कमी होतो, आणि सगळेच दृष्टिभ्रम या आजारात कमी होत नाहीत. शिवाय आपल्यावर कुणी पाळत ठेवतंय अशी भीती ज्याला आधीच आहे, त्याला मुखवट्यासमोर बसवून ‘काय दिसतं?’ विचारणं त्या भीतीला खतपाणी घालणं आहे.

प्रश्न : मुलाचा मिरजेत एमआरआय काढला, रिपोर्ट नॉर्मल. मग मेंदूतल्या जोडण्यांत बिघाड आहे, असं डॉक्टर का म्हणतात? पुन्हा काढावा का?
— एक आई, तासगाव

उत्तर : ताई, पुन्हा काढू नका. साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ, जुनी इजा, सूज नाही ना, एवढ्यासाठी तो असतो. जोडण्यांचा अभ्यास वेगळा : काही मिनिटं सतत चित्रं घेऊन कुठल्या भागांतला रक्तातला ऑक्सिजन एकाच वेळी कमी-जास्त होतो ते पाहतात. फ्रिस्टन आणि फ्रिथ या मेंदूच्या अभ्यासकांनी 1995 मध्ये मांडलं की, स्किझोफ्रेनियात बिघाड एखाद्या जागेत नसून भागाभागांच्या संवादात असावा. पण हे फरक अनेकांच्या सरासरीत दिसतात. रुग्ण आणि निरोगी यांचे आकडे एकमेकांत इतके मिसळतात की एकट्या माणसाचं निदान त्यावरून होत नाही. निदान आजही सविस्तर बोलून, लक्षणं किती काळ आहेत ते पाहूनच करतात.

मुलाला गर्दीच्या फडताळातली वस्तू सापडत नाही, वाहन किती वेगानं येतंय याचा अंदाज चुकतो, समोरच्याचा राग-लोभ चेहऱ्यावरून कळत नाही, असं दिसलं तर त्याला आळशी किंवा बेपर्वा म्हणू नका. उजेड-अंधारातला फिकट फरक ओळखणं, हालचाल टिपणं आणि तुकड्यांतून पूर्ण आकार जुळवणं, या तिन्हींत कमतरता या आजारात वारंवार आढळली आहे. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला गडद पट्टी मारा. त्याचं सामान एका रिकाम्या कप्प्यात ठेवा, एका जागी एकच वस्तू. रागावलात तर तोंडानं सांगा, ‘मी रागावलेय, कारण तू जेवला नाहीस.’ गाडी चालवण्याबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय किल्ली देऊ नका.

चष्म्याचा नंबरही तपासून घ्या, ते हमखास राहून जातं. हात थरथरू नयेत म्हणून दिलेल्या ट्रायहेक्सिफेनिडिलनं जवळचं अंधुक दिसतं, तोंड कोरडं पडतं. वाचताना अक्षरं पुसट होत असतील तर डॉक्टरांना सांगा, ते डोस कमी करू शकतात. ओलान्झापिन हे या आजारावरचं औषध चालू असेल तर साखर ठरावीक काळानं तपासा. वाढलेली साखरही नजर धूसर करते. मात्र मनानं एकही गोळी बंद करू नका.

प्रश्न : इंजेक्शननंतर बहिणीचे डोळे वर जाऊन तसेच अडकले. शेजारी म्हणाले, अंगात आलंय.
— एक वाचक, मिरज

उत्तर : हा औषधाचा दुष्परिणाम असतो, हॅलोपेरिडॉलसारख्या मानसिक आजारावरच्या औषधानं पहिल्या काही दिवसांत होऊ शकतो. मान वाकडी होते, जबडा आवळतो, माणूस शुद्धीवर असतो आणि फार घाबरतो. पुन्हा झालं तर घरी थांबू नका. औषधाची चिठ्ठी घेऊन थेट सिव्हिलच्या अपघात विभागात जा. प्रोमेथाझिनच्या इंजेक्शननं बहुतेकदा अर्ध्या तासात आराम पडतो. श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर 108 ला फोन करा. इतर वेळच्या शंकांसाठी मानसिक आरोग्यासाठीची सरकारी टेलिमानस फोन सेवा, क्रमांक 14416, दिवसरात्र चालू असते आणि मराठीत बोलता येतं.