हप्ता किती झेपेल, हे सांगू नकोस

तुर्भे, रविवार रात्र

बाळा,

कोटेशनचा फोटो पाहिला. चौदा फुटी मालवाहू गाडी, बॉडीसकट, आणि खाली सेल्समनने पेनाने गोल केलेला आकडा: महिना 33,750. तू लिहिलंस, "काकू, एवढा झेपतो, बुक करू का?"

थांब जरा. आठ वर्षं दुसऱ्याची आयशर चालवून तू हे पैसे साठवलेत. जुन्नरचा कांदा वाशीला, वाशीहून मिळेल ते रिटर्न भाडं, ऐन पावसात माळशेजचा घाट. त्यातला एकही रुपया घाईत जाऊ नये म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी तो आकडा बघू. तुझं कर्ज 15 लाखांचं. त्याने 7 टक्के फ्लॅट दर लावून पाच वर्षं धरली आहेत. व्याज झालं सव्वापाच लाख, मुद्दल धरून सव्वावीस लाख, भागिले साठ हप्ते, म्हणून 33,750. चार वर्षं धरली असती, तर हप्ता 40,000 आणि व्याज 4 लाख 20 हजार. तू नक्की म्हणाला असशील की चाळीस जड जाईल. त्याने लगेच एक वर्ष वाढवून दिलं. हप्ता उतरला, तुला हायसं वाटलं, आणि देणं 1 लाख 5 हजारांनी वाढलं. गाडीच्या भावात मात्र काहीच फरक पडलेला नाही.

'फ्लॅट' म्हणजे फेडून झालेल्या मुद्दलावरही शेवटच्या हप्त्यापर्यंत व्याज चालू. तुझा हा 7 टक्के फ्लॅट घटत्या शिल्लकीवर मोजला की साडेबारा टक्के होतो. म्हणून कुठेही दर विचारताना "रिड्युसिंगवर किती?" असंच विचार. आणि शोरूममधून कर्ज झालं की फायनान्सवाले डीलरला त्याचा मोबदला देतात, हेही ध्यानात ठेव. तुझं खातं आहे त्या बँकेत आधी जा, मंजुरीचं पत्र हातात घे, मग शोरूमला म्हण, याहून स्वस्त मिळत असेल तर दाखवा. कधी कधी खरंच मिळतं.

तर उद्यापासून "महिन्याला किती झेपेल?" असं कुणीही विचारलं तरी उत्तर एकच: "ते शेवटी बघू, आधी गाडीचा भाव बोला." हप्ता, विमा, जुनी गाडी, बॉडी सगळं एकदम बोलायला घेतलं की एकीकडे सोडलेले पैसे दुसरीकडून वसूल होतात आणि आपल्याला पत्ता लागत नाही. एकेक विषय वेगळा काढ, एक मिटला की मगच पुढचा.

भाव म्हणजे बेसिक किंमत, टॅक्स लागण्याआधीची. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला. त्यामुळे त्याआधी गाडी घेतलेल्या मित्राच्या बिलाशी तुझी एकूण रक्कम ताडून बघू नकोस. स्वस्त वाटेल, पण ती सूट सरकारची आहे, डीलरची नाही. त्याची बेसिक आणि तुझी बेसिक शेजारी ठेव. किंमत दहा लाखांवर असल्याने 1 टक्का टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच घेतलेला आयकर, लागेल; तो आयकर रिटर्न भरल्यावर तुझ्या खात्यात धरला जातो, त्यावर भांडू नकोस. 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक'च्या नावाने काही लावलं असेल तर त्यावर मात्र जरूर भांड. कशाचे पैसे ते विचार, आणि काढून टाकायला सांग.

विम्याचं थोडक्यात. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, तो सगळीकडे सारखाच. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, त्यात कमी-जास्त होतं. शोरूम आपल्याकडूनच विमा घ्या अशी सक्ती करू शकत नाही. बाहेरून दर काढ, फक्त दोन्हीकडे आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, एकच आहे ना ते बघ.

आता तुझा छोटा हत्ती, म्हणजे तुझी जुनी टाटा एस. एक्स्चेंजमध्ये द्यायचा म्हणतोस, तर माझं ऐक.

तुझे काका गेल्यावर दोन गाड्या माझ्यावर आल्या. त्यातली जुनी मी नव्या गाडीच्या बदल्यात एका डीलरला दिली. कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या, आरसी दिली, बोनसही पदरात पडला. गाडी नावावरून उतरली की नाही, हे मी विचारलंच नाही. दीड वर्षाने अपघाताच्या दाव्याची नोटीस दारात आली. गाडी तोवर तीन हातांतून गेली होती, कागदोपत्री मालक मीच. त्या तारखांना मी किती फेऱ्या मारल्या आणि किती रात्री जागून काढल्या, ते तुझ्या आईला विचार. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली हेच सांगितलं आहे की नुकसानभरपाईच्या बाबतीत नोंदणीत ज्याचं नाव, तोच मालक धरला जाईल. म्हणून आधी कळंबोलीत दोन-तीन जणांना गाडी दाखवून बाजारभाव काढ. डीलर बोनस धरून त्याच्या वर जात असेल तरच दे. कोऱ्या कागदावर सही नाही. मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर घेणाऱ्याचं नाव भरलेलं हवं, गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ लिहिलेली पोच हवी, आणि नाव बदलेपर्यंत दर आठवड्याला ऑनलाइन तपासायचं.

त्याच कंपनीचं कोटेशन ठाण्यातून एक, पनवेलहून एक, असं आण. शिवाय दुसऱ्या कंपनीचंही. खोटा आकडा सांगू नकोस, कागदच पुढे ठेव. महिनाअखेरीला, त्यातून मार्चअखेरीला, टार्गेट गाठायला डीलर थोडा जास्त सोडतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र चासी नंबरवरून गाडी कुठल्या महिन्यात बनली ते पैसे भरण्याआधी बघ. मागच्या वर्षाची असेल तर विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते. तेवढी सूट आजच मागून घे.

भाव अडला की रोख सोडून दुसरं माग: एक्स्टेंडेड वॉरंटी, एएमसी म्हणजे वार्षिक देखभालीचा करार, ताडपत्री. बॉडीच्या तळाचा पत्रा किती मिलिमीटरचा आणि फाळक्यांची उंची किती, हे कोटेशनवरच लिहून घे. हे करताना आवाज चढवू नकोस, त्या सेल्समनला कमी लेखू नकोस. उद्या गाडी बंद पडली की त्याच वर्कशॉपच्या दारात तुला उभं राहायचं आहे, आणि ती पोरंही पगारावरच जगतात. पटलं नाही तर चहा पिऊन, नमस्कार करून उठ. बहुतेक वेळा संध्याकाळी फोन येतो.

टोकन अजून दिलं नाहीस ना? शुक्रवारी दुपारी मी ऑफिसात आहे. सगळी कोटेशनं, बँकेचं पत्र आणि छोट्या हत्तीची आरसी घेऊन ये. जेवायला थांब.

तुझी,
काकू