ट्रायकोकार्डावरची अंडी मारलेलीच हवीत

प्रश्न (माजलगाव तालुका, कपाशी): ट्रायकोकार्डावरची अंडी किरणांनी मारलेली असतात म्हणे. मग त्यातून मित्रकीटक निघणार कसा? दुकानदार म्हणतो, कार्डात पैसे घालू नका, सरळ फवारा.

उत्तर: ट्रायकोकार्ड म्हणजे ट्रायकोग्रामा हा किडीच्या अंड्यात अंडे घालणारा बारीक मित्रकीटक ज्यावर वाढवतात ते कार्ड. त्यावरची अंडी मारलेली असतात हे खरे, आणि तशीच हवीत. कार्डावर कॉरसायरा या साठवणीतल्या धान्याच्या पतंगाची ताजी अंडी चिकटवून ती अतिनील ट्यूबखाली ठेवतात. ताज्या अंड्यात पेशी भराभर विभागत असतात. किरणांनी पतंगाचा गर्भ तिथेच थांबतो, आतला बलक मात्र शाबूत राहतो. मग ट्रायकोग्रामाची मादी त्यात अंडे घालते आणि तिचे पिल्लू त्या बलकावर वाढते. शिळ्या अंड्यातला वाढलेला गर्भ किरणांना सहजी दाद देत नाही. त्यातून कॉरसायराची अळी निघते आणि कार्डावरची चांगली अंडीही खाते. म्हणून कार्ड पारखून घ्या. काळी अंडी म्हणजे आत मित्रकीटक आहे. पांढरट जास्त दिसली तर कार्ड परत करा.

काळ्या अंड्याला ऊन चालत नाही. मोटारसायकलच्या डिकीत दोन तास तापलेली कार्डे बांधावर लावणारे मी दरवर्षी पाहतो, आणि दोष कार्डाला देतात. आणल्या दिवशीच, सायंकाळी, पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला स्टेपल करा. गुलाबी बोंडअळीसाठी ट्रायकोग्रामाटॉयडिया बॅक्ट्री या ट्रायकोग्रामाच्या जवळच्या मित्रकीटकाचे कार्ड मागा. एकरी 60 हजार अंडी, म्हणजे साधारण तीन कार्डे. पाते-फुले लागताच सुरुवात करा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा लावा. अळी बोंडात शिरल्यावर कार्ड लावून उपयोग नाही, हा कीटक फक्त अंडी मारतो.

आता दुकानदाराचे. "सरळ फवारा" हा सल्ला ऐकू नका, आणि "कार्ड लावा आणि वरून एक फवारणीही घ्या" हाही नको. त्या फवाऱ्याने आधी मित्रकीटक मरतो. कार्डाच्या आधी आणि नंतर आठवडाभर रासायनिक फवारणी नको. दोन-तीन औषधे एका टाकीत नको. लेबलावरच्या मात्रेपेक्षा एक मिलीही जास्त नको. सुरुवातीलाच पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक मारले की पांढरी माशी वाढते, मग तोच दुकानदार तिचे औषध देतो. पुन्हा सांगतो, कार्डावर फवारू नका.

एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारे) लावा आणि रोज पतंग मोजा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग आले तरच रासायनिक औषधाचा विचार करा, त्याआधी 5 टक्के निंबोळी अर्क. माझा भर सापळ्यावर आहे, कारण फवारणीची वेळ तोच दाखवतो.

कार्डे परभणीच्या कृषी विद्यापीठात तयार होतात, आधी विचारून नोंदवा. अनुदानाचे कृषी सहायकाला विचारा.